दोन पाट, एक हौसाबाई

हमरापुरात हौसाबाईच्या गणपतींच्या कारखान्याच्या दारातून आजवर एकही पाट रिकामा परत गेलेला नाही. ही गोष्ट ती स्वतः होऊन कोणाला सांगत नाही, स्वतःची टिमकी वाजवणाऱ्यातली ती नव्हे. समोरच्या माणसाला ही गोष्ट ठाऊक आहे ना, एवढीच ती खात्री करून घेते. ठाऊक नसली तर मग सांगावीच लागते, त्याला इलाज नाही.

आता पाटाचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ज्याला गणपती हवा तो आपल्या घरचा लाकडी पाट आणून देतो, त्यावर सुपारी ठेवतो, आणि कारखानदाराने तो पाट हातात घेतला की बोलणं संपलं. मग खाडीचं पाणी घरात शिरो की कामगार पळून जावोत, चतुर्थीला त्या पाटावर देव बसलेला पाहिजे. पाट परत करणं म्हणजे मांडवातून वरात माघारी धाडण्यासारखं. पलीकडच्या गल्लीतल्या गुणाजीने मागे एकदा असा एक पाट परत केला होता. तेव्हापासून तो रस्त्यात भेटला की हौसाबाई त्याच्या बायकोची चौकशी करायच्या आधी पाटाची करते.

दुसरा नियम डोळ्यांचा. मूर्तीचं अंग कोणीही रंगवावं, पीतांबर सुनेने रंगवावा, सोंडेवरची नक्षी मुलाने काढावी, पण डोळ्यांची आखणी हौसाबाईच्या हातची. सून रोशनी चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलेली आहे. हौसाबाईने तो डिप्लोमा पाहिला आहे. चौकट चांगली आहे म्हणाली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी पेणहून मारुतीशेठ आला. हा रंगांचा दुकानदार, आणि कारखान्याचा सगळा रंग त्याच्याकडून यायचा, म्हणून मुलगा प्रदीप त्याच्या पुढे दोन पावलं वाकून चालायचा. मारुतीशेठने पाट पुढे केला. म्हणाला, "माझा पुतण्या आदर्श अमेरिकेत लास व्हेगसला असतो. तिथल्या मंडळाचा पाट आहे हा. आणि मावशी, पोराचं म्हणणं आहे की डोळे तुम्हीच तिकडे येऊन आखायचे. चतुर्थीच्या सकाळी, सगळ्यांच्या समोर. तिकिटाचं मंडळ बघेल. याल ना?"

"येईन की," हौसाबाई म्हणाली आणि पाट घेतला.

दुपारी मुलगी नंदा आली, रोह्याजवळच्या वरश्याहून. नवरा कंपनीत शिफ्टवर, म्हणून शेजारणीला सोबत घेऊन. शेजारीण कमळीबाई. कमळीबाईच्या काखेत पाट. तिची मुलगी मनाली अँकोरेज नावाच्या गावात नर्स आहे, अमेरिकेच्या पार वरच्या टोकाला, जिथून पुढे नुसतं जंगल आणि बर्फ. तिथेही मंडळ, आणि तिथेही तेच म्हणणं, डोळे आखायला हौसाबाईनेच यायचं.

"येईन गो, येईन," हौसाबाई म्हणाली आणि तोही पाट घेतला.

इथे हौसाबाईची काही चूक झाली असं कोणी म्हणू नये. आपल्याकडे लग्नाला, बारशाला, सत्यनारायणाला, पोराच्या नव्या फ्लॅटला कोणी बोलावलं की माणूस "येईन" म्हणतो. नाही म्हणायची ती सभ्य तऱ्हा आहे. बोलावणाऱ्यालाही ते कळतं, म्हणून तो येईन म्हणणाऱ्याच्या नावाचा भात टाकत नाही. नंदा स्वतः किती वर्षं आईला वरश्याला बोलावत होती आणि हौसाबाई किती वर्षं "येईन" म्हणत होती. पण अमेरिकेत राहून पोरांच्या अंगातली ही समज निघून जाते. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून फोन आले. दोन्हीकडे हॉल घेतले होते, दोन्हीकडे पत्रिकेवर हौसाबाईचा फोटो छापला होता. फोटो कुठून मिळवला देव जाणे, त्यात ती कोणाला तरी शिव्या देत होती.

गावात बातमी पसरायला हौसाबाईला काही करावं लागलं नाही. गुणाजी संध्याकाळी ओटीवर येऊन बसला.

"वयनी, अमेरिकेला जाताव म्हनं."

"तुला काय करायचंय?"

"मला काय. पनवेलच्या पुढं गेल्या नसाल म्हनून इचारलं. बरं, कुटं जानार, ह्या गावाला का त्या?"

"दोनीकडं."

"चतुर्थी एकच असते वयनी," गुणाजी अगदी मायेने म्हणाला. "एक पाट परत कराय लागनार. होतं कदी कदी. मी नाय का केला."

हौसाबाईच्या मनात तोपर्यंत अमेरिकेला जायचं म्हणाल तर नव्हतं. दोन-चार महिने "येईन येईन" करून मग गुडघ्यावर ढकलायचं, असा सरळ मार्ग तिच्यासमोर होता. पण गुणाजीच्या तोंडावरची ती माया पाहिली आणि तिने तिथल्या तिथे प्रदीपला सांगितलं, "पासपोर्ट काढ."

मग घरात दोन पक्ष पडले. प्रदीप लास व्हेगसचा. कारण उघड होतं, मारुतीशेठचा रंग. पण तो म्हणायचा ते वेगळंच. "आये, तिकडं गरम हाय. वाळवंट हाय. स्वेटर नको, मोजे नको, साडीवर फिरशील. रातभर दिवे, नाचनारी कारंजी, सगळं कसं झगमग."

नंदा फोनवरून अँकोरेजची. "आये, त्या वाळवंटात भाजून निघशील. मनालीकडं डोंगर, बर्फ, गार हवा. आनि मासे. हाताएवढे नाय, मांडीएवढे."

"गनपतीत मासे दाखवतेस होय मला?"

"मग बघायला जा नुसती."

"तिकडं अस्वलं फिरतात म्हनं रस्त्यात."

"फिरतात. पन कोनाला काय करत नाय, आपन गप राह्यलं तर."

ही अट ऐकून प्रदीपने आईकडे पाहिलं आणि अँकोरेजचा विषय संपला असं त्याला वाटलं. पण हौसाबाई म्हणाली, "माझ्या सासूपुढं उमर काडली मी. अस्वल काय करनार हाय." आणि मग व्हेगसकडे वळली. "तुझं ते गाव जुगाराचं हाय म्हनतात. देव बसवनार तो पत्त्यांच्या अड्ड्यात?"

प्रदीप खाली बघत म्हणाला, "गनपती जागवताना आपल्या पडवीत सकाळपर्यंत काय चालतं आये? त्यात तू काय भजन म्हनतेस?"

यावर हौसाबाई पदर खोचून कारखान्यात निघून गेली. गेल्या गणपतीत रमीत सगळ्यात जास्त डाव तिनेच जिंकले होते.

शेजाऱ्यांचं तर विचारू नका. एस्टीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर दत्ता याला पनवेल ते महाड एवढं जग चाकाखालून माहीत, पण उरलेल्या जगावरही त्याची मतं ठाम असत. तो म्हणाला, "वाळवंटात हवेत पानी नसतं. शाडू तडकेल. सोंड पडेल, मग लोकं म्हनतील हमरापूरची माती कच्ची." हे ऐकून हौसाबाईला चार घास कमी गेले, कारण ते खरं होतं. मग त्यानेच सांगितलं, की अँकोरेजला उलट. रंग वाळायला आठवडा लागेल, आणि समुद्राला ओहोटी लागली की मैलभर चिखल, त्यात माणूस रुतला तर बाहेर निघत नाही, विसर्जन कसं करणार.

"चिखल हाय?" हौसाबाई म्हणाली. "मग आपल्यासारखंच हाय की गाव."

असं रोज चालायचं. सकाळी अस्वल वर जायचं, दुपारी जुगार. पाण्याला आलेल्या बायका विचारायच्या, "काय गो, आज कुटं?" शाळेतून येणारी पोरं ओरडायची. दोन्ही पाट ओटीवर भिंतीला टेकून उभे होते आणि गुणाजी येता-जाता त्यांच्याकडे असा बघायचा, जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या आजाऱ्याकडे बघतो.

पासपोर्टच्या ऑफिसात हौसाबाईचा पहिला अपमान झाला. काउंटरवरच्या मुलीने बोट काचेवर ठेवायला सांगितलं. ठेवलं. यंत्राने नाही म्हटलं. दुसरं ठेवलं. नाही. दहाही बोटं झाली.

"आजी, बोट नीट ठेवा ना."

"बोट नीटच हाय. यंत्र नीट कर."

"ठसे येतच नाहीत तुमचे. बोटांवर रेषाच नाहीत."

असणार कशा? लग्न होऊन आल्यापासून हौसाबाईने पॉलिश पेपरने मूर्ती घासल्या. देवाचं पोट गुळगुळीत होता होता बोटंही झाली. हे तिने त्या मुलीला सांगितलं, आणि मागच्या रांगेलाही सांगितलं, कारण रांग लांब होती. ज्या बोटांनी गावोगावच्या देवांना डोळे दिले ती बोटं कोणाची आहेत हे ह्या डबड्याला कळत नसेल तर डबडं फेकून द्या, असंही सांगितलं. मुलगी बिचारी चांगली होती. तिने साहेबांना बोलावलं, साहेबांनी ओला रुमाल मागवला, बोटं पुसली, दाबली, पुन्हा दाबली, आणि शेवटी कसाबसा एक अंगठा यंत्राच्या गळी उतरवला.

मग मुलीने आधार कार्ड पाहिलं. "जन्मतारीख एक जानेवारी. खरी आहे का? तुमच्या गावच्या ज्या आज्या आल्या त्या सगळ्या एक जानेवारीच्याच."

"व्हय," हौसाबाई म्हणाली. "त्या दिवशी सुट्टी होती."

पुढे पोलीस चौकशीला आला. त्याला शेजारचे दोन साक्षीदार हवे होते, आणि दुर्दैवाने त्या वेळी ओटीवर दत्ता आणि गुणाजी हेच दोघे बसले होते. पोलिसाने गुणाजीला विचारलं, "बाईंची वागणूक कशी आहे?"

गुणाजीने बराच विचार केला. हौसाबाई दारात उभी होती. म्हणाला, "जीभ सोडली तर चांगली हाय साहेब."

पोलिसाने फक्त "चांगली" एवढंच लिहिलं. गुणाजीने सही केली. सही करून पेन खिशात ठेवताना म्हणाला, "वयनी, पासपोर्ट मिळंल. व्हिसा नाय मिळनार. तिकडं इंग्रजीत इचारतात."

असं म्हटल्यावर व्हिसा मिळवणं भाग होतं.

मुंबईला मारुतीशेठच्या गाडीतून गेले. हौसाबाई, सोबतीला रोशनी, पुढे प्रदीप. तोवर शाडूच्या दोन्ही मूर्ती तयार झाल्या होत्या, अंग रंगवून, दागिने चढवून, आपापल्या पाटावर. फक्त डोळ्यांची जागा पांढरी. मूर्ती अमेरिकेला नेणाऱ्या बोटीची तारीख जवळ आली होती आणि कोणता गणपती बिनडोळ्यांचा धाडायचा, कोणता डोळे आखून, हे हौसाबाईशिवाय कोणाला ठरवता येत नव्हतं, आणि हौसाबाई ठरवत नव्हती. रोशनीने गाडीत एकदा विचारून पाहिलं.

"आई, साहेब विचारेल कुठल्या गावाला जाताय. एक काहीतरी सांगा."

"खोटं सांगू?"

"खोटं नाही, ठरवून सांगा."

"ठरलं नाय तर ठरलं नाय सांगनार."

आणि तिने तसंच सांगितलं. अमेरिकेच्या वकिलातीत काचेपलीकडे गोरा साहेब, शेजारी मराठी बोलणारी बाई. साहेबाने विचारलं, बाईने मराठीत सांगितलं, "कोणत्या शहरात जाणार?"

"ते अजून ठरलं नाय. दोनीकडचे पाट घेतलेत."

बाईने हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ घेतला. साहेबाने आणखी विचारलं. बाईने आणखी सांगितलं, हाताने चौकोनी पाट काढून दाखवला. हौसाबाईला वाटलं, एवढं बोलणं चाललंच आहे तर आपणही विचारून घ्यावं. "त्यांना इचारा, ते तिकडचेच ना. अस्वल बरं का जुगार?"

रोशनीने डोळे मिटून घेतले. साहेब मात्र हसला आणि म्हणाला की तो स्वतः दोन्हीपैकी कुठेच गेलेला नाही. मग हसू आवरून त्याने विचारलं, "अमेरिकेत गेल्यावर तुम्ही परत याल, हे आम्ही कशावरून समजायचं?"

झालं. एवढा वेळ हौसाबाईने स्वतःला सांभाळलं होतं.

"म्हंजे? मी काय पळून चाललेय?" ती काचेला नाक लावून म्हणाली. "माझ्या कारखान्यात ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत देव बसलेत. सगळे बिनडोळ्यांचे. पेनचे हायत, रोह्याचे हायत, अलिबागचे हायत. लोकांनी पाट दिलेत माझ्या हातात. त्यांना आंधळं ठेवून मी तुमच्या गावात ऱ्हाऊ? चतुर्थीला त्यांच्या घरी देव बघनार नाय आनि मी तिकडं हाटेलात बसू? परत येनार का इचारतोय. मला इकडून हलायला येळ कुटं हाय?"

बाईने हेही सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं असावं, कारण साहेबाने मान दोनदा हलवली. मग त्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि म्हणाला, व्हिसा मंजूर.

परतीच्या वाटेवर गाडीत नुसता उत्सव. प्रदीपने मारुतीशेठला फोन केला, रोशनीने नंदाला केला, दोघंही आपापलं गाव जिंकल्यासारखे बोलत होते. हौसाबाई खिडकीबाहेर बघत होती. पनवेल मागे पडलं तरी बोलली नाही. वडे खायला थांबायचं का, तरी बोलली नाही. तेव्हा प्रदीप घाबरला.

"आये, काय झालं?"

"मी त्या साहेबाला काय म्हनले?"

"काय?"

"हलायला येळ कुटं हाय म्हनले. आनि त्यानं व्हिसा दिला." तिने पदर सारखा केला. "म्हंजे मी जानार नाय म्हनून मला जायला दिलं."

प्रदीपला हे नीट कळलं नाही. रोशनीला कळलं, पण ती गप्प राहिली, कारण चित्रकलेच्या डिप्लोम्यात नसली तरी ही गोष्ट तिला सासरी शिकायला मिळाली होती.

घरी पोचले तर ओटीवर सभा भरलेली. दत्ता, पाण्यावरच्या बायका, आणि अर्थात गुणाजी. नंदासुद्धा दुपारच्या गाडीने वरश्याहून येऊन बसली होती.

"मिळाला?" गुणाजीने विचारलं.

"मिळाला."

गुणाजी क्षणभर खचला, पण सावरला. "मग कुटला पाट परत?"

हौसाबाईने चपला काढल्या, पाय धुतले, आत जाऊन कुंचला घेऊन आली. "प्रदीप, दोनी मूर्ती बाहेर आन."

मूर्ती आल्या. ओटीवर समोरासमोर ठेवल्या, वाळवंटाचा इकडे, बर्फाचा तिकडे. हौसाबाई मांडी घालून मध्ये बसली. आखणी करताना ती श्वास धरते आणि कारखान्यात कोणी बोलत नाही. त्या दिवशी गल्लीतसुद्धा कोणी बोललं नाही. पापणीची काळी कड आली, मग तांबूस कोपरे, मग बुबुळ. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, मोहरीहून लहान. तो पडला की देव बघायला लागतो, त्याआधी नुसती माती असते. एकीचे झाले, ती वळली, दुसरीचे केले. गुडघे मोडत उठली तेव्हा दोन्ही गणपती एकमेकांकडे बघत होते.

"वयनी," गुणाजी हळूच म्हणाला, "पन ते तिकडं आखायचं ठरलं व्हतं ना."

"फोन लाव," हौसाबाई रोशनीला म्हणाली.

"आत्ता तिकडे पहाट आहे आई, उद्या सकाळी लावते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओटीवर पुन्हा जमलेल्या सभेसमोर, रोशनीने दोघांना एकाच वेळी पडद्यावर आणलं. अर्ध्यात आदर्श, अर्ध्यात मनाली. हौसाबाईने नमस्कार-चमत्कार केला नाही.

"डोळे आखून झालेत दोनीचे. आता सांगा. पुसू?"

आखलेले डोळे पुसा म्हणायची छाती अमेरिकेत राहूनही कोणाची होत नाही.

"आजी, पण आम्ही हॉल घेतलाय," मनाली म्हणाली. "लोक बघायला येणार आहेत."

"कोनाला? देवाला का मला? मी काय डोंबारीन हाय?"

"तुम्ही येईन म्हणाला होतात," आदर्श म्हणाला.

"म्हनले. तुझ्या काकाला इचार, येईन म्हंजे काय ते. तुम्ही पाट दिला तो देवाचा. देव येतोय. माझ्यासाठी कोनी पाट दिला नव्हता." मग आवाज जरा खाली आला. "वाळवंटवाल्या, मूर्तीशेजारी पान्याची परात ठेव, तडकनार नाय. आनि गो मनाली, तू चिखलात उतरू नको, तीरावरच बादलीत विसर्जन कर."

फोन ठेवला. आता दोन्ही पाट जाणार होते, परत कुठलाच करावा लागणार नव्हता. गुणाजीला बोलायला काही उरलं नाही, तरी म्हणाला, "व्हिसा फुकट गेला, वयनी."

"फुकट कसा? तुझ्याकडं हाय का?"

सगळे हसले. फक्त नंदा हसली नाही. ती पिशवी उचलून निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "आये, येईन म्हंजे काय ते आज कळलं मला. इतकी वर्सं मी दर सणाला जास्तीचा भात टाकायची."

हौसाबाई चपला घालून तिच्यामागून एस्टीच्या थांब्यापर्यंत चालत गेली. तिच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नव्हतं.

चतुर्थीला दोन्हीकडून व्हिडिओ आले. व्हेगसचा गणपती गार हॉलमध्ये, शेजारी पाण्याची परात. अँकोरेजला मनाली नऊवारीखाली जाडजूड बूट घालून आरती म्हणत होती. हौसाबाईने बाकी काही पाहिलं नाही. रोशनीला म्हणाली, "डोळ्यांवर आन. मोठं कर." पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर बघतोय."

विसर्जनं झाली, कारखाना रिकामा झाला, पितृपक्ष लागला. एका सकाळी हौसाबाईने कोणाला न सांगता पिशवी भरली आणि पेणच्या स्टँडवर जाऊन रोह्याच्या एस्टीत खिडकीशी बसली. कंडक्टर नवा होता. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीट नाही हे त्याला माहीत होतं, पण समोरची बाई पंच्याहत्तरीची आहे हे पटत नव्हतं.

"आजी, आधार दाखवा."

आधार प्रदीपच्या कपाटात. हौसाबाईने पिशवीत हात घातला आणि निळा पासपोर्ट काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने जन्मतारीख पाहिली, मग सवयीने पान उलटलं, आणि अमेरिकेच्या व्हिसावर थबकला. मागच्या दोन सीट वळल्या.

"आजी, तुम्ही अमेरिकेला चाललाय?"

"रोह्याला, लेकीकडं," हौसाबाईने पासपोर्ट परत घेतला. "तिकडचं बोलावनं आधीचं हाय."